आधी दुकान, मग गणित: बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना खरेदी आणि पैशांचे व्यवहार कसे शिकवावेत

विशेष शाळेतल्या कितीतरी मुलांच्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं एकच वाक्य असतं: 'नाणी व नोटा ओळखतो.' मग कोपऱ्यावरच्या दुकानातून तो एकटा पाव घेऊन येतो का, असं विचारलं की पालकही गप्प आणि आम्ही शिक्षकही गप्प. याचं कारण मुलात कमी आणि आपल्या क्रमात जास्त आहे. आपण पैसा हा गणिताचा धडा म्हणून शिकवतो. आधी अंक, मग बेरीज, मग वजाबाकी, मग हातच्याची वजाबाकी आणि हे सगळं जमलं तर बाजार. ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी कधीच येणार नाही, तो या रांगेत दुकानापर्यंत पोचतच नाही.

खरेदीत गणित थोडं असतं. रांगेत थांबणं, काय हवं ते सांगणं, पैसे पुढे करणं, वस्तू ताब्यात घेणं आणि घरी परत येणं, हा तिचा मोठा भाग. तो मध्यम अक्षमतेच्या मुलालाही शिकवता येतो. गणिताच्या जागी सोप्या युक्त्या वापरता येतात. खाली लिहिलंय ते मुख्यतः दहा-बारा वर्षांपुढच्या, सौम्य ते मध्यम बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहे. पालक आणि शिक्षक दोघांनी मिळून करायचं आहे, कारण शाळेत खरं दुकान नसतं आणि घरी बहुतेकदा सवड नसते.

सुरुवात निरीक्षणाने

मुलाला ओळखीच्या दुकानात न्या, त्याच्या आवडीची एक वस्तू ठरवा, हातात पैसे द्या आणि काही न बोलता दोन पावलं मागे उभे राहा. मदत करायची नाही, इशाराही नाही. तो कुठे अडतो ते लिहून घ्या. पुष्कळ मुलं पैशांपाशी अडतच नाहीत. ती दुकानाच्या कडेला उभी राहतात आणि दुकानदाराचं लक्ष जाईपर्यंत थांबतात, म्हणजे थांबतच राहतात. काही मुलं पैसे देतात आणि वस्तू तिथेच सोडून निघतात. तुमच्या मुलाचं शिक्षण जिथे तो अडला तिथून सुरू करायचं. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे एकेका मुलासाठी स्वतंत्र आखलेल्या योजनेत, उद्दिष्टही त्याच भाषेत लिहा. 'पैशांची संकल्पना समजेल' असं लिहून कुणाला काही कळत नाही. 'दुकानात जाऊन १० रुपयांचा बिस्किटपुडा मागून, पैसे देऊन घरी आणेल' असं लिहिलं की झालं की नाही ते दिसतं.

नोटा आणि नाणी: खरीच वापरा

खेळण्यातल्या नोटा बाजूला ठेवा. त्यांचा रंग, आकार आणि कागद वेगळा असतो. आपल्या मुलांना एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी लागू करणं मुळातच अवघड जातं, त्यात आपण नकली नोट देऊन एक ठिकाण वाढवतो. शंभर-दोनशे रुपयांच्या खऱ्या सुट्ट्या नोटा वर्गात ठेवायला हरकत नसावी.

क्रम असा ठेवा: आधी जुळवणं (या नोटेसारखी दुसरी शोध), मग ओळखणं (दहाची दे), शेवटी नाव सांगणं (ही किती रुपयांची?). जे मूल बोलत नाही त्याच्यासाठी तिसरी पायरी सोडून द्या. दुकानात ती लागत नाही.

सुरुवात १० च्या नोटेने करा. ती पक्की झाली की २०, मग ५० आणि १००. सगळ्या नोटा एकदम समोर मांडल्या की गोंधळ ठरलेला. रंगावर फार भिस्त ठेवू नका, कारण जुन्या आणि नव्या मालिकेच्या नोटा एकत्र फिरतात. नवी १० ची नोट चॉकलेटी आहे, जुनी नारिंगीकडे झुकणारी. नवी ५० ची चमकदार निळी आणि जुनी १०० चीही निळसर, तर नवी १०० ची फिकट जांभळी. सगळ्यात महाग पडणारी जोडी म्हणजे २० आणि २००. एक हिरवट पिवळी, दुसरी गडद पिवळी आणि आकड्यात फरक फक्त एका शून्याचा. ही जोडी मुद्दाम शेजारी ठेवून शिकवा, आणि ती पक्की होईपर्यंत पाकिटात २०० ची नोट ठेवूच नका. नोट ओळखायची ती आकड्यावरून. रंग फक्त सोबतीला.

आकड्यांबाबतही एक अडचण आहे, ती मराठी शाळांत हमखास नजरेतून सुटते. पुस्तकात मूल देवनागरी आकडे शिकतं, पण पुड्यावरची किंमत, वजनकाटा, कॅल्क्युलेटर आणि मोबाइल यांवर इंग्रजी आकडे असतात. खरेदीसाठी इंग्रजी आकडेच शिकवा. दोन्ही येणं चांगलंच, पण एकच जमणार असेल तर दुकानात दिसतं ते निवडा.

नाण्यांत १ आणि २ रुपयांची नाणी सारखी दिसतात, त्यांच्यात वेळ घालवू नका. ५ चं पिवळं, १० चं दोन धातूंचं आणि २० चं बारा कोनांचं, एवढं पुरे. १० च्या नाण्यावर वेगवेगळी नक्षी असते. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा १४ नक्षींची सगळी नाणी वैध असल्याचं जाहीर केलं होतं. तरीही काही ठिकाणी दुकानदार हे नाणं घेत नाहीत. मुलाने वाद घालायचा नाही, दुसरी नोट पुढे करायची, हेही शिकवावं लागतं.

पैसे कसे मोजायचे: तीन वाटा

इथे मुलाची कुवत बघून वाट निवडायची. तिन्ही वाटांनी वस्तू घरी येते, त्यामुळे पहिली वाट कमी प्रतीची असं समजू नका.

पहिली वाट म्हणजे एक वस्तू, एक नोट. आपल्याकडे बिस्किटं, वेफर्स, साबण, शाम्पू असं पुष्कळ काही ५, १० आणि २० रुपयांच्या ठरीव किमतीत मिळतं, त्याचा पुरेपूर फायदा घ्या. वहीच्या पानाएवढा पुठ्ठा घ्या. वरच्या अर्ध्या भागात रिकाम्या पुड्याचं दर्शनी कव्हर कापून चिकटवा. खालच्या भागात १० ची नोट ठेवून पेन्सिलीने तिची कड काढा, मध्ये ठळक 10 लिहा आणि पारदर्शक खिसा शिवा किंवा चिकटवा. नोट त्या खिशात बसली की मूल निघायला तयार. दुकानात कार्ड दाखवायचं, नोट काढून द्यायची, रिकाम्या खिशाचं कार्ड आणि पुडा घेऊन परत यायचं. बोलता न येणारी मुलंही या कार्डावर खरेदी करतात.

दुसरी वाट 'पुढच्या दहा'ची. बहुतेक मुलांना मी हीच सुचवते. पाकिटात फक्त १० च्या नोटा ठेवायच्या, समजा दहा. वस्तू ३७ रुपयांची असेल तर मूल दहा, वीस, तीस असं मोजतं आणि वर एक नोट जास्त देतं, चाळीस. सुट्टे जुळवायचे नाहीत, वजाबाकी करायची नाही. त्याला दोनच गोष्टी यायला हव्यात: दहा-दहाने शंभरपर्यंत मोजणं आणि किमतीतला पहिला आकडा बघणं. 37 मधला 3 दिसला की तीन नोटा आणि वर एक. सुरुवातीला एक पट्टी करून द्या. तिच्यावर नोटेच्या रुंदीचे दहा चौकोन आणि त्यांत 10, 20, 30 असे आकडे. नोटा एकेका चौकोनावर ठेवत जायचं. पट्टी काही दिवसांनी आपोआप सुटते, नाही सुटली तर घडी करून पाकिटात राहू द्या. किंमत नेमकी ४० असेल आणि मुलाने ५० दिले तर काही बिघडत नाही, १० परत येतील. 'शून्य असेल तर जास्तीची नोट नको' हा नियम नंतर जोडता येतो.

या वाटेवर खरा अडथळा कानाचा आहे. दुकानदार 'सदतीस' म्हणतो, त्यात सात आधी आणि तीस नंतर. 'एकोणचाळीस' ऐकून मुलाला चाळीसच ऐकू येतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला होता. त्या वादात कोण बरोबर ते सोडा, पण विशेष वर्गात ही अडचण रोजची आहे. उपाय सोपा आहे. मुलाला एक वाक्य शिकवा: "काका, आकडा दाखवा ना." दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतो किंवा पुड्यावरच्या किमतीवर बोट ठेवतो. डोळ्यांनी वाचलेल्या आकड्यावर पुढचं काम नीट होतं.

तिसरी वाट, म्हणजे वेगवेगळ्या नोटा आणि नाणी मिळून रक्कम जुळवणं, सौम्य अक्षमतेच्या काही मुलांना जमते. दुसरी वाट सहज झाल्याशिवाय तिकडे वळू नका.

वर्गातलं दुकान

बहुतेक शाळांत ते असतंच, रिकामे डबे मांडलेलं. आठ-पंधरा दिवस चालवा आणि बंद करा. तिथे दुकानदार म्हणजे बाई, आणि बाई सगळं समजून घेतात. चालवायचंच तर त्यात खऱ्या दुकानातल्या अडचणी आणा: "संपलंय", "सुट्टे नाहीत", "थांब, यांचं होऊ दे." 'संपलंय' ऐकल्यावर काय करायचं हे ज्या मुलाला कळत नाही, ते खऱ्या दुकानात रडकुंडीला येतं. त्याला दोन उत्तरं पाठ हवीत: "दुसरं द्या" किंवा "राहू दे, परत येतो."

खरं दुकान

दुकान एकच निवडा, घराजवळचं, मोठा रस्ता ओलांडावा न लागणारं. वेळ दुपारी तीन-चारची, संध्याकाळच्या गर्दीत नको. आणि आधी एकटे जाऊन दुकानदाराशी बोला. हे पाऊल कधीच गाळू नका. त्याला तीन गोष्टी सांगायच्या. मुलगा किंवा मुलगी बोलेपर्यंत थोडं थांबा, आमच्याकडे बघून 'याला काय हवंय?' असं विचारू नका. पैसे त्याच्याच हातातून घ्या आणि त्याच्याच हातात परत द्या. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: फुकट काही देऊ नका. आपल्याकडचे दुकानदार मायाळू असतात. "राहू दे रे बाळा, तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे" असं म्हणून गोळी हातावर ठेवतात. त्या एका गोळीने महिन्याची मेहनत वाया जाते, कारण पैसे न देताही वस्तू मिळते हे मुलाला लगेच कळतं आणि पुढच्या वेळी ते सरळ बरणीत हात घालतं. मोठं झाल्यावर त्याच सवयीला लोक चोरी म्हणतात. हे असंच सांगितलं तर दुकानदार ऐकतात.

आता कृतीचे तुकडे करा. समजा पाव आणायचाय:

१. पिशवी आणि पाकीट घेणे
२. दुकानापर्यंत चालत जाणे
३. दुकानदारासमोर, काउंटरपाशी उभे राहणे
४. कुणी आधी आलं असेल तर थांबणे
५. "काका, एक लादी पाव" म्हणणे किंवा कार्ड दाखवणे
६. आकडा बघणे
७. नोटा मोजून देणे
८. पाव पिशवीत घेणे
९. उरलेले पैसे घेणे
१०. पैसे पाकिटात, पाकीट खिशात
११. घरी येऊन पाव आणि पाकीट आईकडे देणे

बरीच मुलं शेवटाकडून सुरू केली तर लवकर शिकतात. म्हणजे पहिल्या दहा पायऱ्यांत तुम्ही मदत करायची आणि अकरावी त्याने एकट्याने करायची. दारात "आणलास का पाव, शाबास!" हे ऐकायला मिळालं की काम पूर्ण केल्याचा आनंद त्याचा. मग दहावी आणि अकरावी त्याची, मग नववीपासून पुढे. असं मागे मागे येत राहा.

मदतीच्याही पायऱ्या असतात: हात धरून करून घेणं, करून दाखवणं, बोटाने खूण, तोंडी सूचना आणि शेवटी नुसतं थांबणं. आपण सगळे तोंडी सूचनेत अडकतो. "दे, पैसे दे, अरे दे ना" हे मुलाच्या कानाला सवयीचं होतं आणि ते सूचनेची वाट बघायला लागतं. खूण बोलण्यापेक्षा लवकर सोडवता येते, म्हणून शक्य तिथे खूण वापरा. आणि खूण करण्याआधी मनात पाचपर्यंत मोजा. त्या पाच सेकंदांत पुष्कळदा मूल स्वतःच हात पुढे करतं.

तुम्ही कुठे उभे राहता तेही बदलत जायला हवं. आधी शेजारी, मग एक पाऊल मागे, मग दुकानाच्या पायरीखाली, मग समोरच्या फुटपाथवर, मग कोपऱ्यावर. दुकानदाराची नजर तुमच्याकडे वळत राहिली तर तुम्ही अजून फार जवळ आहात.

उरलेले पैसे

इथे पालकांना सगळ्यात जास्त धास्ती असते: फसवतील. मोजून घ्यायला शिकवण्याचा आग्रह सुरुवातीला सोडा. आधी एवढंच: 'हात रिकामा घेऊन निघायचं नाही.' पुढच्या दहाच्या पद्धतीत जवळपास दर वेळी काहीतरी परत येतं, ते १० रुपयांपर्यंतच असतं, म्हणजे चूक झाली तरी नुकसान छोटं. एखाद्या वेळी काहीच परत येणार नसेल तर दुकानदाराने "बरोबर झाले" असं सांगावं, हेही ठरवून घ्या. घरी आल्यावर पाकीट बघून तुम्ही मेळ घाला.

सुट्ट्यांऐवजी गोळ्या देण्याचा प्रकार सगळीकडे चालतो. "गोळी नको, पैसे द्या" हे वाक्य मुलाला शिकवा. त्याला गोळी आवडत असेल तर अवघड जाईल, पण मागितलेली वस्तू आणि गळ्यात मारलेली वस्तू यांतला फरक शिकवायला याहून सोपी संधी मिळत नाही.

यादी आणि मोठं दुकान

एक वस्तू जमली की दोन, मग तीन. वाचता येत नसेल तर रिकाम्या पुड्यांची दर्शनी कव्हरं कापून, भोक पाडून एका कडीत ओवा. आज जे आणायचंय तेवढीच कडीत ठेवायची, घेतलेलं कव्हर मागे उलटवायचं. छापील चित्रांपेक्षा हे चांगलं, कारण मुलाला त्याच पुड्याचा रंग आणि अक्षरं फळीवर शोधायची असतात.

सुपरमार्केट वेगळं कौशल्य मागतं. तिथे बोलावं लागत नाही, पण निवडायला फार असतं, भाजी आणि सुटं धान्य आधी वजन करून लेबल लावून घ्यावं लागतं, बिलाच्या रांगेत बराच वेळ जातो आणि दारात बिल दाखवावं लागतं. गोंगाट आणि दिवे सहन न होणाऱ्या मुलांना तिथे नेऊच नका, निदान शनिवार-रविवारी तरी नको. वाण्याचं दुकान जमलं म्हणजे सुपरमार्केट जमेल असं धरू नका. ते नव्याने शिकवा.

मोबाइलवरचे पैसे

आता घरातलेच लोक रोख काढत नाहीत. मुलाला दिसतं ते असं: फोन दाखवला, डब्यातून आवाज आला, वस्तू मिळाली. पैसे गेले हे कुठेच दिसत नाही. म्हणून रोखीचा व्यवहार पक्का होण्याआधी स्कॅन शिकवू नये असं माझं मत आहे. ज्याने दहा नोटांतल्या चार जाताना पाहिल्या, त्याला खात्यातले पैसे संपतात हे सांगता येतं.

शिकवायची वेळ आली की यूपीआय सर्कल ही सोय बघा. २०२४ मध्ये ती सुरू झाली. मुख्य खातेदार आपल्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीला पैसे द्यायची मुभा देतो. एका प्रकारात प्रत्येक व्यवहाराला मुख्य खातेदाराने मान्यता द्यावी लागते, म्हणजे मुलगी दुकानात स्कॅन करते आणि तुमच्या फोनवर विचारणा येते. दुसऱ्या प्रकारात महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका व्यवहाराला ५,००० रुपयांपर्यंतची मर्यादा तुम्ही घालता. तुम्ही ती याहून कमी ठेवायची. सुरुवात पहिल्या प्रकाराने करा.

फसवणुकीबद्दल लांबलचक समजावू नका, तीन नियम पाठ करून घ्या. पिन कुणाला सांगायचा नाही. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, त्यामुळे कुणी टाकायला लावला तर फोन ठेवायचा. आणि 'उसने दे' म्हणणाऱ्याला एकच उत्तर: "आईला विचारतो." हे तिसरं वाक्य रोखीलाही लागू आहे. ओळखीचेच लोक ते आधी वापरायला लावतात.

मुलाचा स्वतःचा पैसा

सगळी खरेदी घरासाठीच असेल तर मूल हमाल होतं. दर आठवड्याला थोडे पैसे पूर्णपणे त्याचे असू द्या. त्याने ते तुमच्या मते फालतू गोष्टीवर घालवले तरी बोलू नका. बचत शिकवायची तर पारदर्शक बरणी घ्या, तिच्यावर हव्या असलेल्या वस्तूचं चित्र आणि बरणीला बाहेरून खूण: इथपर्यंत नोटा आल्या की घ्यायचं. पहिली वस्तू दोन-तीन आठवड्यांत मिळेल एवढीच ठेवा, नाहीतर त्याला जमवण्याचा अर्थच लागत नाही.

संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे दिव्यांगांना झेपेल असं काम देणाऱ्या केंद्रात जाणाऱ्या, दिवाळीत पणत्या आणि आकाशकंदील करणाऱ्या मुलांना मानधन मिळतं. ते पाकीट थेट आईच्या हातात देण्याची प्रथा मोडा, आधी त्यांच्या हातात द्या. बँकेबाबत सांगायचं तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षांपुढची मुलं बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं चालवू शकतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १३ ने आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क दिलेला आहे. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांपुढे कायदेशीर पालकत्वाचं, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याचं, प्रमाणपत्र देते, आणि ते बँकेत चालतं. पण मुलाला सही करता येत असेल आणि पैसे आपले आहेत हे कळत असेल, तर घाईने पालकत्व घेऊ नका. आधी शाखेत त्याला घेऊन जा, स्लिप त्यालाच भरू द्या.

नोंद आणि सुट्ट्या

फ्रीजवर एक कागद लावा. वरच्या अकरा पायऱ्यांसमोर तीनच खुणा: एकट्याने केलं तर ए, सांगून केलं तर सां, हात धरून केलं तर हा. तीन-चार फेऱ्या एखादी पायरी 'ए' आली की तिथली मदत बंद. दोन आठवडे तीच पायरी 'सां' वर अडली तर मुलाला दोष न देता त्या पायरीचे आणखी दोन तुकडे करा. 'नोटा मोजून देणे' याचे 'पाकीट उघडणे', 'पट्टीवर नोटा मांडणे' आणि 'उचलून देणे' असे तीन होतात, आणि बहुधा पाकिटाची चेनच त्याला उघडत नसते. साधं, मोठ्या तोंडाचं पाकीट घेतलं की काम होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद राहते आणि जूनमध्ये बरंच विसरलेलं असतं. त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या पालकसभेत प्रत्येक घराशी एकच काम पक्कं करा: रोजचं दूध, रोजचा पाव किंवा आठवड्याची कोथिंबीर, आणि ते सुट्टीभर त्याच मुलाने आणायचं. पाहुणे आले, घाई आहे, म्हणून चुलत भावाला पिटाळायचं नाही. गावी जाणार असाल तर तिथल्या दुकानदाराशीही पहिल्याच दिवशी बोलून घ्या. अनोळखी दुकानात मूल चार पायऱ्या मागे जाईल, तेवढ्या पुन्हा चढवाव्या लागतील, म्हणून कडी, पट्टी आणि कार्डं सामानात आधी भरा.